बॅनरवरचं हसू

"अक्का, हा फोटो दहा फुटांवर फुटेल."

"फुटू दे. आणि मी तुमची अक्का कधी झाले?"

गोकुळ रोडवरच्या फ्लेक्सच्या दुकानात मेधा शाळेच्या स्नेहसंमेलनाचा बॅनर करायला आली होती. कॉम्प्युटरपुढच्या संघपालनं मुख्याध्यापकांचा नखाएवढा फोटो मोठा केला, तसे त्यांच्या नाकाचे चौकोन चौकोन झाले. मेधाला हसू आवरेना.

"कागदावरचा मूळ फोटो आणा. बारीक स्कॅन करतो. मुळात नाही ते ताणून येत नसतं."

ती फोटो घेऊन आली, आणि मग येतच राहिली. शाळेला इतके बॅनर लागतात हे शाळेलाही ठाऊक नव्हतं! एकदा त्यानं दुकानाच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीवर कॅमेरा ठेवला, बटण दाबलं आणि धावत तिच्याशेजारी येताना ठेचकाळला. ती त्याच्याकडे बघून मनापासून हसली... दोघांचा तोच फोटो आला.

"एवढी मोठी फाइल कशाला केलीस?"

"भिंतभर लावायला. आपल्या घरात."

"मग माझ्या आप्पांना भेट की."

"वकील आहेत ते. आधी आडनाव विचारतील. आम्ही बौद्ध..."

"मग सांग."

"थोडं थांब, मेधा."

छापायच्या आधी फाइल दहादा तपासणारा माणूस, इथंही तपासतच बसला. आणि मेधा तरी काय? वर्गात पोरांना 'खरं बोला' म्हणून दटावणारी, आप्पांपुढे तोंडाला कुलूप. आप्पांनी बेळगावचा सुमंत ठरवला, तेव्हा तिनं निरोप धाडला, 'आज तरी ये.' तो आला नाही. मेधाही साखरपुड्याला मुकाट्यानं उभी राहिली.

लग्नाच्या दिवशी धारवाडच्या कार्यालयापुढे ती गाडीतून उतरली. दारावर दहा फुटी बॅनर होता. त्यावर ती गच्चीवरची, वाऱ्यानं उडालेला केस न् केस मोजावा अशी स्वच्छ. शेजारी ई-मेलनं आलेला सुमंत, चौकोनाचौकोनांचा. संघपालनं स्वतःला इतक्या सफाईनं कापून काढलं होतं, की खूणही उरली नव्हती.

"साखरपुड्याचा फोटो फुटत होता गं," धाकटा भाऊ साकेत म्हणाला. "तुझा हा त्या फ्लेक्सवाल्याकडेच होता. त्यानं आपणहून दिला."

आपणहून. यायला जमलं नाही, द्यायला बरं जमलं.

दारात उभा असलेला सुमंत कौतुकानं बॅनर बघत होता. "कुणाकडे बघून एवढी हसत होतीस?"

"तुमच्याकडेच," मेधा म्हणाली, आणि पदर सावरून आत गेली.