फीडरवरची खार

तिसऱ्या दिवशी सकाळी ताईच्या मागच्या अंगणातल्या, पाखरांना दाणे घालायच्या फीडरवर खार दिसली, आणि घड्याळजीच्या हातातला कप हातातच राहिला.

खार निवांत दाणे कुरतडत होती. चिमण्या भिंतीवर ताटकळल्या होत्या. एखादी धीर करून जवळ आली की खार शेपूट फुलवून तिला हुसकावून लावी.

त्याची थोरली बहीण जाऊन आज तिसरा दिवस. त्याच्या डोळ्यांतून अजून टिपूस आलं नव्हतं. लोक येत, बोलत, जात. तो मान हलवी.

घडलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. सकाळी सातला ताईने फीडर भरला. दाजी कामावर निघाले तेव्हा ती तो टांगायला स्टुलावर चढत होती. दुपारी ते परतले तर फीडर टांगलेला, स्टूल आडवं, आणि ती पायरीवर डोकं आपटून पडलेली. डॉक्टरांनी अपघात लिहिला. वेळेबद्दल नवऱ्याचा शब्द सगळ्यांनी खरा धरला.

कप कलंडला. सांडलेला चहा पुसायला फडकं शोधताना त्याला सिंकखाली एक डबा सापडला. वर ताईच्या अक्षरात लिहिलं होतं, 'पाखरं'. त्याने आत हात घातला. दाणे. मग सवयीने डोळा चोळला.

डोळ्यात आग उठली. पाण्याच्या धारा लागल्या.

चेहरा धुऊन तो बाहेरच्या खोलीत गेला.

"दाजी, त्या दिवशी ताईने दाणे कुठून घेतले?"

"कोठीतल्या गोणीतून. माझ्या डोळ्यांसमोर भरले. का रे?"

"नंतर कोणी हात लावला फीडरला?"

"कोण लावणार? माझं तिकडे पाऊलच वळत नाही."

"सिंकखालचा डबा कसला?"

"असेल काहीतरी. तिच्या डब्यांत मी कधी डोकं घातलं नाही."

घड्याळजीने तपास करणाऱ्या पोलीस बाईंना फोन केला. त्या आल्या तेव्हा खार अजून खातच होती.

"एका खारीवरून बोलावलंत मला?" बाईंनी विचारलं.

"हो." स्प्रिंग तुटलीय असं गिऱ्हाइकाला सांगावं, तशा आवाजात तो बोलत होता. "खार सगळं फस्त करायची, चिमण्या उपाशी. महिन्यापूर्वी ताई फोनवर म्हणाली, दाण्यांना तिखट चोळायला लागलेय. पाखरांना तिखट कळत नाही, खारीचं तोंड भाजतं. तेव्हापासून खार इकडे फिरकली नव्हती. ताई हसत होती सांगताना. रोज या डब्यातलेच दाणे घालायची."

बाईंनी फीडर उतरवला. त्यातले दोन दाणे चावले. काही नाही. मग डब्यातला एक चावला आणि त्यांना जोराचा ठसका लागला.

"फीडरमधले साधे आहेत," त्या खोकत म्हणाल्या.

"गोणीतले. म्हणजे ताईने भरलेले नाहीत. ती सातला फीडर भरत होती असं एकच माणूस सांगतो. त्यानेच भरले. तोवर ती गेलेली होती."

मागच्या दारात येऊन थांबलेले दाजी भिंतीला टेकले.

"तिखटाचं मला कोणी सांगितलं नव्हतं."

"एका घरात राहत होतात, दाजी."



"आदल्या संध्याकाळी वाजलं आमचं," दाजी म्हणाले. "वर्षभर बोलत नव्हतो. बोललो ते भांडायलाच. मी ढकललं. पायरी लागली डोक्याला."

"लगेच गेल्या?"

दाजींनी तोंड फिरवलं.

"लगेच गेल्या का?"

"नाही. पहाटेपर्यंत कण्हत होती. वाटलं, कोणाला बोलावलं तर ती सांगून टाकेल."

बाईंनी त्यांचा दंड धरला. दाराशी घड्याळजीने विचारलं, "काही म्हणाली का ती?"

दाजींनी वर पाहिलं नाही. "तुला फोन लाव म्हणत होती."

घड्याळजी खुर्चीत बसला. तळहात मांडीवर पालथे ठेवले.

"दहा मिनिटांत आलो असतो," तो म्हणाला.