पाठुंगळीचं कापड

अगं ठेवू नकोस फोन! चुलीवरचा मक्याचा सद्झा लागला तळाशी तर लागू दे, पण हे ऐक. मी मागच्या पायरीवर येऊन बसलेय, हळू बोलतेय, कारण शुवाई आत आहे. तिची पोरगी पण आत आहे. आणि... नाही, असं नको. पहिल्यापासून सांगते, मधे मधे बोलू नकोस.

शुवाईची आई गेली ते तुला माहितीच आहे. मातीला मी होते मुतारेला. त्यानंतर शुवाई हरारेला आली, सलूनमध्ये उभी राहिली, लोकांच्या वेण्या घातल्या, आणि परत गेली. मुतारेतलं, डांगाम्वुरातलं ते घर रिकामं करायचं होतं, भाडेकरू येणार होते. आणि पोरीला घेऊन यायचं होतं. रोपा, तीन वर्षांची. दूध सुटल्यापासून आजीकडेच, तिच्या अंबुयाकडे. आता पोर गावी आणि आई इथे, यात नवल काही नाही, आपल्यातल्या निम्म्या पोरींचं असंच आहे. पण रोपा शुवाईला 'सिसी' म्हणायची, ताई म्हणावं तसं. गल्लीतल्या सगळ्या पोरी म्हणतात म्हणून ही पण.

शुवाईला एवढंच हवं होतं गं. घर आवरून होईस्तोवर पोरीनं एकदा तरी 'आई' म्हणावं, आणि आपणहून हात धरून बसमध्ये चढावं.

निघायच्या आदल्या दिवशी तिच्या मावशीचा, सेकेसाई मावशीचा फोन आला. हुकूमच. "भांडी बघ, कपाटं बघ, काय फेकायचं ते फेक. पण कपड्यांच्या गाठोड्याला हात लावायचा नाही, ऐकतेस ना? शनिवारी आम्ही माहेरची माणसं येऊ, पाणी शिंपडू, मग वाटू. तोवर तिचं ते तिचंच."

आता हे काय सांगायला हवं? गेलेल्या बाईच्या कपड्यांवर हक्क तिच्या माहेरचा, आणि वाटप होईपर्यंत गाठ सोडायची नाही, हे पाठीवरच्या पोरालाही कळतं.

तर ही पोचली तेव्हा मुतारेत गुटी उतरलेली. ती कशी असते ठाऊक आहे ना, धड पाऊस नाही, धड धुकं नाही. डोंगरावरून खाली येते आणि मग उठायचं नावच घेत नाही. भर दुपारी खोलीत दिवा लावावा असा अंधार, आणि वीज तर नव्हतीच. भिंती ओल्या, पांघरुणं ओली, आणि त्या ओलीत आईचा वास. व्हॅसलीनचा, डांबरगोळीचा, चुलीच्या धुराचा.

रोपा शेजारच्या माई सौन्यामांकडे होती. या त्याच, आईच्या थट्टेच्या मैत्रीण. मयताच्या घरीसुद्धा वाटेल ते बोलायचा मान त्यांचा. दारातच त्यांनी सुरू केलं, "आलीस का शेवटी! मला वाटलं हरारेचं पाणी प्यालं की मुतारेचा रस्ता पुसला जातो." शुवाई हसली. मग त्यांनी आवाज खाली घेतला. "ही झोपत नाही गं. आडवीच होत नाही. भिंतीला छाती लावून उभी राहते, हात पसरून. तिला आजीचं ते पाठुंगळीचं कापड पाहिजे."

शुवाईनं खाली बसून हात पुढे केले. रोपानं तिच्याकडे नीट बघितलं. मग गुडघे टेकले, दोन्ही तळवे जुळवून हळूच टाळ्या वाजवल्या आणि म्हणाली, "कशा आहात, सिसी?"

पाहुण्यांना करतात तसं. इतकं शहाण्यासारखं केलं ना तिनं, की शुवाई म्हणते, त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं.

मग आवराआवर. तुला शुवाई माहितीये, मोबाइलवर कुठलातरी व्हिडिओ बघितलेला, तीन ढीग करायचे. ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. आता आपल्या आयांच्या घरात कुठे असे ढीग होतात का? पिशवीत पिशवी, तिच्यात पिशवी. मार्गारीनच्या डब्यात भोपळ्याच्या बिया, बिस्किटाच्या डब्यात सुया, सुयांच्या डब्यात कोणाचातरी दुधाचा दात. काचेच्या कपाटातले ते ग्लास, ज्यांतून या जन्मात कोणी पाणी प्यालं नाही. प्रत्येक वस्तू ती हातात घ्यायची आणि खाली बसायची. 'टाकायचं'च्या ढिगात दुपारपर्यंत एक फुटका चमचा. तोही तिनं परत उचलला.

चर्चचा लाल ब्लाउज आणि पांढरी टोपी आईच्या अंगावरच गेली होती. बाकीचं सगळं पलंगावर, चादरीत बांधलेलं. ते गाठोडं, शुवाई म्हणते, कोणी कुशीवर निजावं तसं दिसायचं.

दुपारी रोपा रडायला लागली. मोठ्यानं नाही. नुसती भिंतीला चिकटून, कण्हत, तासभर. शुवाईनं केळं दिलं, मक्याच्या लाह्या, मापुती दिल्या, गाणं म्हटलं. घ्यायला गेली की ती ताठ व्हायची, लाकडासारखी.

मग शुवाईनं गाठ सोडली.

अगं, तू पण सोडली असतीस! पोर डोळ्यांसमोर कण्हतंय आणि हातभर अंतरावर औषध आहे. कापड वरतीच होतं. निळं, पक्ष्यांचं, धुऊन धुऊन पक्ष्यांचे नुसते पंख राहिलेले. याच कापडात आईनं शुवाईला वाढवलं होतं, आणि मग रोपाला. तिनं ते काढलं, गाठोडं परत बांधलं, आणि पोरीला पाठीवर घ्यायला वाकली. पण हिला कुठे येतंय? कापड घसरायचं, पोरगी एका बाजूला लोंबायची. रोपाचं रडणं थांबलं. "असं नाही, सिसी," ती म्हणाली. "वरची गाठ आधी."

शुवाईनं हात टेकले. पोरीला आणि कापडाला पलंगावर ठेवून चहाचं पाणी ठेवायला मागच्या अंगणात चुलीपाशी गेली. ओली लाकडं, धूर, पेटायला वेळ लागला. परत आली तर रोपा गाढ झोपलेली. आडवी. आणि कापड तिच्याभोवती बांधलेलं. एक गाठ वर, एक खाली, टोकं आत खोचलेली. आईची गाठ. शुवाईला ती सोडवेना, इतकी घट्ट.

ती म्हणाली स्वतःशी, माई सौन्यामा येऊन गेल्या असतील. त्या चर्चला गेल्या होत्या हे तिला संध्याकाळी कळलं.

दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरात डबे पुसत बसलेली. बाहेर सगळं पांढरं. आवाज नाही कसला, गटारीचं पाणी सुद्धा वाजत नव्हतं. आणि आतल्या खोलीतून... थप... थप... थप. पोराच्या ढुंगणावर सावकाश थोपटावं तसं. आणि त्याच्याखाली गुणगुण. शब्द नाहीत, नुसतं नाकातून. ते चर्चमधलं, जे तिची आई कणीस सोलताना गुणगुणायची.

शुवाई उठली. आतलं दार अर्धवट लोटलेलं. फटीतून तिला रोपाचे पाय दिसले.

नुसते पाय गं. उघडे, छोटे, निवांत लोंबणारे. दाराच्या कडीच्या उंचीवर.

ते पाय थोडे डावीकडे गेले, थोडे उजवीकडे आले. डावीकडे... उजवीकडे. पोराला घेऊन बाई झुलते तसे.

मी असते तर किंचाळून शेजारी पळाले असते. आणि ही काय करते? ही दाराच्या चौकटीला कपाळ टेकते आणि म्हणते, "आई... मला पण."

थोपटणं थांबलं. गुणगुण थांबली. तिनं दार ढकललं तर रोपा जमिनीवर उभी, कापड अंगाभोवती, तिच्याकडे बघतेय. बाकी कोणी नाही. शुवाई तिथेच खाली बसली. मला सांगताना इथेच ती रडली. भीतीनं नाही. म्हणाली, "तिनं मला उत्तर पण दिलं नाही गं. एक 'हं' सुद्धा नाही."

पण शुवाईनं कापड काढून घेतलं नाही. पोरगी जेवायला लागली होती, झोपायला लागली होती. फक्त तिला शुवाईची गरज उरली नव्हती. ही ढीग लावायची आणि आत कोणीतरी हिचं पोर सांभाळायचं.

शनिवारी मावशी आली, माहेरचा गोतावळा आला. चटई अंथरली, गाठोडं मधे. पाणी शिंपडायच्या आधी माई सौन्यामांनी आईचा स्वेटर चढवला, कंबरेवर हात ठेवला, आणि आईसारखं एक पाय ओढत फेरी मारली. "शुवाई! ए शुवाई! मिस्ड कॉल देतेस, आणि मी उलटा फोन करायचा? पोरगी तुझी आणि एअरटाइम माझा?" सगळे हसून लोळले. शुवाई पण. तो आवाज इतका हुबेहूब, की हसता हसता तिला श्वास घेता येईना.

मग मावशी एकेक कपडा झटकत गेली. हे हिला, ते तिला. चादर रिकामी झाली तशी तिनं मान वर केली.

"निळं कापड कुठंय?"

मावशीनं शुवाईला हाताला धरून मागे नेलं, पाण्याच्या पिंपापाशी.

"सोडलंस गाठोडं?"

"रोपा झोपत नव्हती, मावशी..."

"आणि आता झोपते?"

"झोपते."

"कोणाच्या पाठीवर?"

शुवाईनं पिंपावरचं झाकण सरळ केलं.

"हे बघ, बाळा," मावशी म्हणाली. तिचे पण डोळे भरलेले. "माझी बहीण आहे ती. मला काय ती नकोय? पण एक वस्तू मागे राहिली की माणूस मागे राहतं. ती गेली नाही, तर ही पोरगी तुझी व्हायची नाही. तूच बघ."

शुवाईनं उशीखालून कापड आणून दिलं. मावशीनं पाणी शिंपडलं आणि ते चिपिंगेहून आलेल्या पोटुशी सुनेच्या खांद्यावर टाकलं. शुवाई रोपाकडे बघत होती, आता ओरडेल, आता लोळण घेईल. रोपा काही रडली नाही. बोट तोंडात घालून बघत राहिली. कापड कोंबी गाडीत बसून चिपिंगेला गेलं तरी नाही.

आणि आज सकाळी काय झालं सांगू? बसथांब्यावर रोपानं आपणहून शुवाईचा हात धरला! रुसापे गेलं असेल, तेव्हा म्हणाली, "आई, पाणी." शुवाई म्हणते, मला बाटलीचं झाकण उघडेना. शेजारच्या म्हाताऱ्यानं उघडून दिलं. पुढे हरारेपर्यंत ती खिडकीकडे तोंड करून रडली, खुशीनं आणि आईच्या नावानं, दोन्ही.

मी त्यांना घ्यायला नाक्यावर गेले होते. आमच्या गल्लीत मैल्याची पाइपलाइन फुटलीय ना, घोट्यापर्यंत काळा चिखल. शुवाईकडे दोन बॅगा, माझ्या डोक्यावर भांड्यांचं खोकं. रोपा आमच्या मागून येत होती, बडबडत. आम्हाला वाटलं, आमच्याशीच.

घरी आलो. माझे बूट बघवत नव्हते, शुवाईचे त्याहून. तिनं रोपाला पायरीवर बसवलं, नवे पांढरे बूट काढले, धुवायला उलटे केले. आणि तशीच बसून राहिली.

बुटांचे तळ कोरडे. पांढरे. दुकानातून आणल्यासारखे.

"रोपा," तिनं हळूच विचारलं, "चिखलातून कशी आलीस गं?"

"अंबुयानं आणलं." मग जरा विचार करून, "अंबुयाच म्हणाली, सिसी नाही म्हणायचं. आई म्हणायचं."

अगं, मी लगेच मोबाइल काढला, मावशीला लावते म्हटलं. शुवाईनं माझा हात धरला. "काय सांगणार? माझी मुलगी रडत नाही, ही तक्रार करणार?" तिचा चेहरा असा झाला होता ना... भिकाऱ्यासारखा गं. "तिनंच दिली मला पोर. तिला हाकलू कशी? आणि नाही हाकललं तर... मावशी म्हणते तसं... थोडे दिवस राहू दे. थोडेच."

आता दोघी आत पडल्यात, प्रवासानं दमलेल्या. रोपानं स्वतः चटईवर जागा दाखवली. "मी भिंतीशी. आई, तू तिकडे." मधे एक माणूस मावेल एवढी जागा सोडलीय. शुवाई त्या जागेकडे तोंड करून पडलीय, डोळे उघडे. मीच त्यांच्यावर पांघरूण टाकलं, एकच मोठं, दोघींवर मिळून. आणि ते... ते मधे खाली बसत नाहीये गं. दोनदा मी हातानं चापून बघायला गेले, दोनदा हात मागे घेतला.

मावशीचा नंबर समोर काढून ठेवलाय. खरं सांग, तू असतीस तर लावला असतास?