बाबांची अक्षरं

पटलं नाही तर सोडून द्या. पण यातलं काहीही माझ्या पदरचं नाही.

माझी मामेबहीण हिमानी, तिच्या माहेरी उस्मानपुऱ्यात हे घडलं. आणि रात्री नाही हं... गेल्या फेब्रुवारीत, मंगळवारी, दुपारी चारला. बाहेर लख्ख ऊन होतं.

हिमानीचे वडील म्हणजे माझे मधुमामा. कचेरीतून रिटायर झालेले, हट्टी. मुलगा देवेश, घरात सगळ्यांचा देवा, लिनक्सचा वेडा; विंडोजऐवजी कॉम्प्युटरवर टाकतात ते. लिनक्समध्ये डेस्कटॉपचं सगळं रूपडं आपल्या मर्जीनं करता येतं. देवेशनं मामांच्या जुन्या कॉम्प्युटरवर तसंच केलं. मेन्यूची पट्टी वर, मागं हिरवा रंग, डाव्या कोपऱ्यात पेपरचं चित्र, दाबलं की रोजचा पेपर उघडायचा. काम झालं की टेबलावर एकदा बोट वाजवायचा आणि म्हणायचा, "बसा, मालक!"

मामांची नजर अधू व्हायला लागली, तेव्हा त्यानं एक उद्योग केला. मामांना न सांगता दर महिन्याला अक्षरं एक नंबरानं मोठी. अकराची बारा, बाराची तेरा.

म्हातारा खूश! "बघा, सत्तरीतही डोळे शाबूत."

हिमानीला हे ठाऊक होतं. बहीणभाऊ तोंड दाबून हसायचे.

दिवाळीनंतर वाळूजहून येताना देवेशचा अपघात झाला. तो गेला.

पुढं हिमानी रोज दुपारी मामांकडे यायला लागली आणि तीन महिन्यांनी तिनं सहज नंबर पाहिला. देवेशनं एकोणीसवर सोडला होता.

आता बावीस होता.

मामांना तर तो बदलता येत नव्हता...

हे कुणी केलं, तिला कळेना. पण त्याहून मोठी काळजी मामांच्या डोळ्यांची होती. ती डॉक्टरकडे चला म्हणाली, तर मामा उखडले. "माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? पेपर स्वच्छ वाचतोय की!"

मग तिनं मंगळवारी चारला अक्षरं परत अकरावर आणली. दिसणार नाही, मग मुकाट्यानं येतील.

मामा अंगणात होते. ती चहा टाकायला आत गेली.

खोलीतून आवाज आला.

टिक... टिक... टिक...

माउसचा.

मग सगळं शांत झालं. आणि टेबलावर बोट वाजलं. एकदाच.

ती धावत आली. खुर्ची रिकामी होती.

नंबर तेवीस.

बुधवारी तिनं दुसराच डेस्कटॉप बसवला. काळा, पट्टी खाली. चारला पट्टी वर होती, मागं हिरवा रंग, कोपऱ्यात पेपर. चोवीस. गुरुवारी तिनं सगळी डिस्क पुसून लिनक्स नव्यानं टाकलं.

पंचवीस.

"देवा, पुरे कर रे!" ती रिकाम्या खुर्चीवर ओरडली. "आंधळे होतील ते!"

"कुणाशी बोलतेस गं?" मामा दारातून म्हणाले. मग स्क्रीनसमोर बसले. "बघ, कसं मोत्यासारखं अक्षर दिसतंय."

तिनं सगळं खरं सांगून टाकलं. मामा ओरडले, "गेलेल्या भावावर आळ घेतेस? लाज नाही वाटत?" कॉम्प्युटरची वायर काढली, तर दोन दिवस जेवले नाहीत. म्हणाले, "देवाची तेवढीच खूण राहिलीय घरात." तिनं रडत रडत वायर पुन्हा जोडली. काय करणार होती बिचारी?

अक्षरं आता रोज वाढत गेली. आधी ओळीत चार शब्द मावायचे. मग दोन. जूनमध्ये अख्ख्या स्क्रीनवर एकच अक्षर.

त्या दिवशी भर दुपारी मामांनी हाक मारली.

"हिमे... लाइट गेली का गं?"

डॉक्टर म्हणाले, "चार महिने आधी आणायला हवं होतं, निम्मी नजर वाचली असती. हा आजार रक्तातून पुढच्या पिढीत उतरतो. तुम्हीही तपासून घ्या."

मामा आता अंगणात बसून असतात. कॉम्प्युटर बंद आहे. आता कुणाला नंबर वाढवावा लागत नाही.

हिमानीनं तपासून घेतलं नाही. घेते, घेते म्हणत राहिली.

गेल्या रविवारी मी तिच्या गारखेड्याच्या घरी गेलो. ती लॅपटॉपवर ऑफिसचं काम करत होती. लिनक्सच, देवेशनंच कधीकाळी टाकून दिलेलं.

"डॉक्टरकडे गेलीस का?" मी दारातूनच विचारलं.

"कशाला? मला स्वच्छ दिसतंय की."

मी तिच्या स्क्रीनकडे पाहिलं.

दारात उभं राहून मला प्रत्येक ओळ वाचता येत होती...

किती आनंदात होती ती! मी चहा प्यायलो, इकडचं तिकडचं बोललो आणि निघालो. जिना उतरताना वर टेबलावर बोट वाजलं. एकदाच.

आज आठ दिवस झाले. रोज फोन हातात घेतो आणि ठेवून देतो.

मी तिला अजून सांगितलेलं नाही.