आजीचा काळा रुपया

चोरीचा आळ आलेली पोरगी रडत येईल असं लटारूला वाटलं होतं. ती रागानं फणफणत आली आणि खुर्चीवर न बसताच बोलायला लागली.

"मॅडम, सर म्हणून राह्यले का संध्याकाळपर्यंत नाणं परत कर. नाई तं ठाण्यात जातो म्हणते."

पोरीचं नाव दिव्या. धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गोंड गावातली. सावली गावात धनराज भोयर मास्तरांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहून अभ्यास केला आणि वनरक्षकाच्या भरतीत निवडून आली. आता फक्त पोलीस पडताळणी राहिली होती. अशात ठाण्यात नाव गेलं की नोकरी गेलीच.

सरिता रामटेके चंद्रपुरात खासगी तपासाची कामं करायची. एसटीतून निवृत्त झालेला लटारू तिची गाडी चालवायचा आणि कोणी विचारलं नसलं तरी मत द्यायचा.

"कोणतं नाणं?" सरितानं विचारलं.

"राजाच्या मुंडक्याचा चांदीचा रुपया. आमच्याच घरचा. सरांले यंदाच नाण्यांचा शौक लागला. मायनं पाहाले दिला, त्यांनी ठेवूनच घेतला. आता म्हणते, मी खरा काढून दुसरा ठेवला."

"मंग घेतलाच असशील न बाई," लटारू बोलून गेला. "आपलाच तं होता."

दिव्यानं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं मान खाली घातली. "आपला असला तं मागून घेतला असता, भाऊ. चोरू काऊन?"

"घरी असे आणखी आहेत?" सरितानं विचारलं.

"मायच्या गळ्यात रुपयांची माळ हाय. सगळे पांढरेशुभ्र. दर सणाले माय राखेनं धुते न, काळी माळ देवापुढं कशी ठेवायची? हा एकच काळा. आजी मेली तेव्हा याची कडी तुटली, तेव्हापासून मडक्यात पडला होता."

सावलीला निघण्याआधी सरितानं गाडी गोलबाजारात घ्यायला लावली. तिथं निकेशचं जुन्या नाण्यांचं दुकान होतं. खरा रुपया आणि खोटा रुपया, दोन्ही त्यानंच पाहिले होते.

"पहिल्यांदा आणला तेव्हा काळा, निळसर झाक मारणारा," निकेश म्हणाला. "त्या सालचा रुपया सहसा हाती लागत नाही. मी मास्तरांना बजावलं, कडेनं धरा, घासू नका, हा काळेपणाच याची पुंजी आहे. परवा आणला तो नवरीच्या पैंजणासारखा चमकत होता. सांगून टाकलं, हा तो नव्हे."

"हातात घेऊन पाहिलास?"

"कशाले? दुरूनच दिसत होतं."

"आणि पहिला तुझ्याकडे किती वेळ होता?"

"माझ्यावर शक? मास्तर समोरच बसून होते. फोटो काढला अन् परत दिला."

फोटो त्याच्या मोबाइलमध्ये होता. काळा रुपया, राजाचं डोकं, मुकुटाच्या वर कडेला तांदळाच्या कणीएवढा उंचवटा, जरासा उजवीकडे कललेला.

"हे काय?"

"कडी झाळून जोडल्याचा डाग. माळेतल्या नाण्याले असतोच."

सरितानं फोटो आपल्या मोबाइलवर घेतला.

धनराज मास्तर ओसरीवर वाट पाहत होते. ज्या घरचा रुपया मागून आणला त्याच घरच्या पोरीला चोर ठरवून बसलेला माणूस, पण चहा मात्र अगत्यानं विचारला. प्लॅस्टिकच्या कप्प्यांची वही त्यांनी पुढे केली.

"नवशिक्याची चूक झाली. वजन केलं नाही, फोटो ठेवला नाही. पण चोरी ती चोरीच. कपाटाची एक किल्ली माझ्याकडे, दुसरी आईकडे. आई आंघोळीला गेली की तिची किल्ली खुंटीवर. घरात तिसरी ही एकटी. मग कोण?"

सरितानं रुपयाचा कप्पा उजेडात धरला. आतून वाळलेल्या पाण्याचे ठिपके होते, कोपऱ्यात करडी भुकटी. रुपया लखलखत होता, पण अक्षरांच्या खाचांत काळं तसंच होतं. तिनं तो लटारूच्या हातात दिला. "कडेनं धरा." लटारूच्या बोटाला काहीतरी टोचलं. पण त्याचं सगळं ध्यान चमकेकडे.

"नवाच दिसते," तो म्हणाला.

स्वयंपाकघरात मास्तरांची आई गिरजाबाई सुपातली चिंच फोडत होती.

"या दिवसांत घरी कोणी आलं होतं, बाई?"

"कोणी नाई."

"चिंच छान आहे. बाजारची?"

"हो. बाजारचीच."

"आमच्या झाडाची हाय ते," दारातून दिव्या म्हणाली. "रविवारी माय आलती. मी कागदं काढाले मूलच्या तहसिलीत गेलती, भेट नाई झाली."

गिरजाबाईचा हात सुपातच थांबला.

सरितानं सगळ्यांना ओसरीवर बसवलं आणि रुपयाशेजारी फोटो ठेवला.

"सर, मुकुटाच्या वर पाहा. तोच उंचवटा, तितकाच उजवीकडे. चोर त्या सालचा दुसरा रुपया आणेल एक वेळ. तोच डाग, त्याच जागी, कुठून आणेल? लटारूभाऊ, तुमच्या बोटाला टोचला तो हाच. रुपया बदललाच नाही. धुतला."

"धुतला?" मास्तर उभे राहिले. "कोणी?"

"खाचांत काळं उरलं, म्हणजे वरवर घासला. कप्प्यात पाणी गेलं, करडी भुकटी गेली. ती राख. काळी माळ देवापुढं ठेवत नाहीत, असं दिव्या सकाळी बोलली. रविवारी दिव्या नव्हती, चिंच घेऊन तिची आई बुधरीबाई आल्या होत्या. कपाटाची किल्ली त्यांच्याकडे नाही. ज्यांच्याकडे आहे, त्या म्हणतात घरी कोणी आलंच नाही."

तेव्हा गिरजाबाईच बोलली.

"बुधरीनं सासूचा रुपया पाहाले मागितला. पाहून रडाले लागली. म्हणे, हा रुपया म्हणजे बुढीच; काळी पडली, कोणी लक्ष नाई देल्लं. मीच कपाट उघडलं. न्हाणीच्या चुलीतली राख मीच देल्ली. दोघींनी मिळून धुतला. धनराज ओरडला तं माह्या तोंडून शब्दच नाई निघाला. उद्या सांगीन, उद्या सांगीन म्हटलं."

"आई, त्याची किंमत गेली!" मास्तर म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. ते खाली बसले. मग म्हणाले, "मी ठाण्यात जात नाही. दिव्या, रुपया घेऊन जा."

"अन् गल्लीत सांगून राह्यले न तुम्ही, पोरगी चोर हाय म्हणून? आता काय सांगान? माह्या मायनं धुतला म्हणून?" दिव्या म्हणाली. "तिच्या कानावर गेलं का तिच्या धुण्यानं मी चोर झाली, तं ते माळेले हात नाई लावणार."

गिरजाबाई उठली. पदर खोचून अंगणात गेली आणि शेजारच्या कुंपणाशी उभी राहून ओरडली, "अवो रंभा! रुपया मी धुतला. मीच. पोरीनं काई नाई केलं!" मग पुढच्या घराशी गेली. तिथंही तेच. बुधरीचं नाव तिनं कुठंच घेतलं नाही.

दिव्यानं रुपया उचलून ओढणीच्या पदरात बांधला आणि खोलीत जाऊन बॅग भरली. मास्तर वहीतला रिकामा कप्पा पाहत बसले.

"तिला गावापर्यंत सोडू," सरिता म्हणाली.

लटारूनं बॅग घ्यायला हात पुढे केला. त्याला सकाळचं बोलणं परत घ्यायचं होतं.

"राहू द्या, भाऊ," दिव्या म्हणाली. "माह्यी मी नेतो."