ढगाखालची परीक्षा

"पालथा होता तो चार्जर," माधवी तिसऱ्यांदा म्हणाली. "काळी पट्टी टेबलाकडं अन् पाठ वर. तरी फोन चार्ज होऊन राहिला होता. तुमी दोघांनी पाहिलं नाही?"

नागसेननं पाहिलं नव्हतं. त्याचं सगळं लक्ष समोशांच्या परातीकडं होतं. विपुलनं कदाचित पाहिलंही असतं, पण त्याच्या आजोबांनी, म्हणजे खुशालरावांनी, त्याला सभेत पाणी वाटायच्या कामाला जुंपलं होतं.

माधवी अकोल्याची, जठारपेठेत राहणारी, यंदा आठवीत जाणारी. सुट्टीचे शेवटचे आठ दिवस ती ज्योत्स्ना मावशीकडं आली होती. मावशीचं गाव शेंदूरजनाघाटच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी. नागसेन हा मावशीचा मुलगा आणि विपुल त्याचा जिवलग दोस्त. मावशी गावची आशाताई. कोणाला ताप येवो की कोणाच्या पोटात कळा, पहिला फोन मावशीला आणि मावशीचा पहिला फोन दवाखान्याच्या गाडीला. पण पावसाळ्यात तिकडची लाईन एकदा गेली की चार-चार दिवस तोंड दाखवत नसे. मागच्या श्रावणात गावातल्या सुभद्राच्या बाळंतपणाच्या वेळी मावशीचा फोन ऐन घटकेला बंद पडला आणि सुभद्राला बाजेवर घालून चिखलातून सात किलोमीटर न्यावं लागलं. बाळ-बाळंतीण वाचली. तरी त्या दिवसाचा विषय निघाला की मावशी अजूनही बोलता बोलता गप्प होते.

म्हणून तर गावच्या समितीनं आसपासच्या आठ आशाताईंसाठी सूर्यप्रकाशावर चालणारे चार्जर घ्यायचं ठरवलं होतं. समितीचे अध्यक्ष खुशालराव. सकाळी अकोल्याहून विक्रेता आला. त्यानं तळहाताएवढा, वर ऊन शोषणारी काळी पट्टी आणि आत बॅटरी असलेला चकचकीत चार्जर काढून फोनला जोडला, पडद्यावर चार्जिंगची खूण उमटली, टाळ्या पडल्या आणि खुशालरावांनी बसल्या जागी पसंती देऊन टाकली. उद्या संध्याकाळी सही व्हायची होती.

"पण सभागृहात ऊन कुठून आलं?" विपुलची ट्यूब आता पेटली.

"तेच तर! आधीच बोर्डाला लावून भरून आणला असेल. ढगाखाली तो भरतो का, हे कोणी पाहिलंच नाही."

तिघं तडक खुशालरावांकडं गेले. त्यांनी अर्धवट ऐकलं, मिशीवरून हात फिरवला आणि आपण चाळीस वर्षं संत्र्याचा व्यापार करून राहिलो, माल नजरेनं ओळखतो, पोट्ट्यांनी खेळायला जावं, असं सांगून विषय मिटवला.

माधवी तणतणत घरी आली. ओट्यावर तिचे आणि नागसेनचे आजोबा, देवमन, विळ्याला धार लावत होते. त्यांची उभी हयात बागांमध्ये संत्री तोडण्यात गेलेली. नातीचं सगळं गाऱ्हाणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बाग पाह्याले आलेला व्यापारी उन्हाकडचं फळ तोडते," ते म्हणाले. "ते गोडच राह्यते. मी सावलीकडचं तोडून चाखतो. ते गोड निघालं तं बाग चांगली."

माधवी उठलीच. चार्जरही सावलीकडूनच चाखायचा, हे तिनं पक्कं केलं.

विक्रेत्याची नमुन्यांची थैली खुशालरावांच्या घरीच होती. विपुलनं त्याला फोन लावून परवानगी मागितली. त्यानं हसत हसत ती दिली. थैलीच्या तळाशी आणखी एक वस्तू निघाली: जाड कापडात शिवलेल्या, घडी घालायच्या चार काळ्या पाट्या आणि त्यांना जोडायची वेगळी बॅटरी. ती जड आहे, कोणाला आवडत नाही, असं विक्रेता म्हणाला होता. तिच्यावर धूळही बसली होती. माधवीनं ती फुंकर मारून पुसली आणि दोन्ही नमुन्यांची परीक्षा घ्यायचं जाहीर केलं.

पण परीक्षेआधी दोन्ही बॅटऱ्या रिकाम्या हव्यात! ते काम नागसेननं झकास केलं. लाईन गेलेलीच होती. तो पारावर जाऊन बसला आणि फुकट फोन चार्ज करून मिळतील असं ओरडला. अर्ध्या तासात रांग लागली आणि जेवणवेळेपर्यंत दोन्ही बॅटऱ्या पार रिकाम्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता खुशालरावांच्या गच्चीवर दोघांनाही आभाळाखाली मांडलं. ढग असे दाटलेले की सूर्य कुठल्या बाजूला आहे तेही कळेना. शिंतोडे आले की माधवी छोट्या चार्जरवर आणि मोठ्याच्या बॅटरीवर घमेली पालथी घाली, थांबले की काढी. बॅटरीवरचे किती दिवे पेटले याची विपुल तासातासाला वहीत नोंद करी. दुपारी तिघं जेवून वर आले आणि जागच्या जागी थिजले. छोटा चार्जर गायब होता.

तो खाली सापडला. विपुलच्या आजीनं, मैनाबाईंनी, तो भिंतीवरच्या बोर्डाला लावून ठेवला होता.

"बिचाऱ्याचा एकबी दिवा पेटत नव्हता," मैनाबाई मायेनं म्हणाल्या. "म्हणलं, पोरं उपाशी ठेवून राहिले त्याले."

विपुलनं कपाळावर हात मारला. सकाळपासूनची मेहनत पाण्यात गेली होती. आता पुन्हा रिकामा करायचा कधी आणि भरायचा कधी? माधवीलाही रडू फुटायच्या बेतात होतं. डोळे लपवायला तिनं मान वर केली आणि छताच्या पंख्याकडं बघतच राहिली. पंखा बंद होता. कालपासून लाईन आलेलीच नव्हती, मग बोर्डातून जाणार काय? तिघांनी हसत हसत चार्जर पुन्हा गच्चीवर नेला.

पाच वाजता सभागृहात खुशालरावांनी पेनाचं टोपण काढलं आणि माधवी टेबलासमोर उभी राहिली. तिनं दोन्ही नमुने टेबलावर मांडले.

"सही करा, पण आधी तुमचा फोन या छोट्याला लावा. मावशीचा मी मोठ्याला लावते. दोन्ही दिवसभर ढगाखाली होते."

विक्रेता चुळबुळला. खुशालरावांनी काहीशा चेष्टेनंच फोन दिला. त्यात नऊ टक्के होते. ते अकरा झाले आणि चार्जरचा दिवा विझला. मावशीचा फोन सहावरून निघाला होता. सगळ्यांचा चहा झाला, गप्पा झाल्या, तासभर उलटला, तेव्हा तो अठ्ठेचाळीसवर पोचला होता आणि अजून चढतच होता.

विक्रेत्यानं मान खाली घातली. दुकानात आपण तो बोर्डालाच लावून ठेवतो, ढगाखाली ठेवून कधी पाहिलंच नाही, असं त्यानं कबूल केलं. खुशालरावांनी दोन्ही फोन हातात घेऊन आकडे पडताळले. मग त्यांनी कागदावरचं छोट्या चार्जरचं नाव खोडलं आणि आठ मोठे चार्जर मागवले.

"देवमनजी," ते मागच्या बाकाकडं वळून म्हणाले, "तुमी नेहमी म्हणता तसं, चाळीस वर्षं मी उन्हाकडचंच फळ तोडून राहिलो. तुमच्या नातीनं आज शिकवलं मले."

मावशीनं भरसभेत माधवीला जवळ घेतलं.

श्रावणात एका संध्याकाळी अकोल्याच्या घरी फोन वाजला. बाहेर संततधार लागली होती. फोन मावशीचा होता.

"लाईन जाऊन आज चौथा दिवस," ती सांगत होती. "डोंगराकडच्या वस्तीवरून बाळंतपणाचं बोलावणं आलं अन् मी लगेच गाडीले फोन लावला. गाडी वेळेवर आली, माधवी. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत."

माधवीनं लगेच विचारलं, "मावशी, फोन किती टक्के आहे?"

"एक्कावन्न," मावशी म्हणाली. या वेळी ती मध्येच गप्प झाली नाही.