दुसरा स्क्रीन

आमच्या कामतघरच्या वस्तीत शुक्रवारी कापडाचे लूम बंद असतात. बाकीचे दिवस तो खडखडाट भिंतींतून इतका सतत येत असतो की शेवटी तो ऐकू येणंच थांबतं. शुक्रवारी मात्र तो नाही हे ऐकू येतं. लग्न होऊन इथे आले तेव्हा वाटायचं, आठवड्यातून एक दुपार तरी निवांत झोप मिळेल. ती काही लागत नाही. सगळ्या भिंती कान देऊन बसल्यासारख्या वाटतात.

त्या शुक्रवारी दुपारी मी कम्प्युटरचं झाकण उघडून बसले होते.

काम साधं होतं. मी घरबसल्या एका इंटिरियरवाल्यासाठी खोल्यांची थ्रीडी चित्रं बनवते. कॉलेजपासूनचा माझा डेस्कटॉप त्या चित्रांपुढे धापा टाकायला लागला, म्हणून नवीन ग्राफिक्स कार्ड मागवलं. माझ्या नवऱ्याचे, देवेशचे, चुलतभाऊ भावेश भावजी अंजूरला गोडाऊनमध्ये कामाला आहेत. त्यांनी आणून दिलं, सीलबंद खोक्यात. "रविवारी येतो, बसवून देतो," असं म्हणत होते. मीच म्हटलं, मी बसवीन. बीएस्सी आयटी केलंय, ते या घरात कधीतरी कुणाला दिसायला नको?

देवेश ड्युटीवर गेला होता. त्याची आत्या, आमच्या आक्का, आतल्या खोलीत लवंडल्या होत्या. माझं कम्प्युटरपुढे बसणं त्यांना मुळातच मान्य नाही. सुकन्या, आमची तीन वर्षांची सुकू, माझ्या मागे गादीवर वाट्या मांडून खेळत होती. ती नजरेआड झाली की मी उठून बघून येते. पहिल्या बाळाच्या वेळी आईचं असं होतं, डॉक्टर म्हणाले होते. बाळ मोठं झालं. माझं उठणं तेवढंच आहे.

कार्ड खाचेत दाबलं. वीज देणारी वायर लावली, बटण दाबलं. कार्डाचे पंखे फिरले. नव्या प्लॅस्टिकचा वास आला आणि त्याच्यामागून जुन्या धुळीचा, जळकट. स्क्रीन काळा.

कार्ड काढलं, फुंकर मारली, परत बसवलं. काळाच. शेवटी भावजींना फोन लावला.

"मॉनिटरची वायर कुठे लावलीय, वहिनी? जुन्याच सॉकेटात ना?"

मी मागे वाकून पाहिलं. "हो."

"कार्ड नवं आणि वायर जुन्या जागी. वा रे बीएस्सी."

"हसा तुम्ही."

"हसत न्हाय. कार्डाच्या सॉकेटात लावा ती, येईल."

आलं. मला हायसं वाटलं, आणि थोडी लाजही. सेटिंग उघडून बघितलं तर तिथे दोन चौकोन होते. एकावर एक लिहिलेलं, त्याला उजवीकडून चिकटलेला दुसरा.

"भावजी, हा दोन स्क्रीन दाखवतोय. माझ्याकडे एकच आहे."

"होतं तसं. मशीन जुनी, कार्ड नवं, गडबडतं ते. खाली आयडेंटिफायचं बटण हाय, दाबा. ज्या स्क्रीनचा जो नंबर, तो त्याच्यावर मोठा उमटतो. तुमच्यावर एक आला की झालं. दुसरा नुसता भास."

दाबलं. माझ्या स्क्रीनवर मोठा एकचा आकडा उमटला आणि विरला.

"दोन," मागून सुकू म्हणाली.

तिला कॅलेंडरवरचे आकडे वाचायचा नाद आहे. एक पाहिला, पुढचा म्हटला असेल. मी कौतुकानं वळले. ती माझ्या स्क्रीनकडे बघतच नव्हती. कपाटाच्या बाजूला भिंतीचा एक रिकामा पट्टा आहे, ओल येऊन काळपट पडलेला. ती तिकडे बघत होती.

मी पुन्हा बटण दाबलं. या वेळी नजर तिच्यावर ठेवून.

"दोन," ती भिंतीला म्हणाली.

"वहिनी... आहात ना?"

"आहे."

"तो दुसरा बंद करून टाका. इथे मालाची गाडी लागलीय, ठेवतो."

तेव्हाच बंद करायला हवा होता. पण मला वाटलं, आधी अर्धवट राहिलेलं काम उघडून बघावं, चालतंय का. एका गिऱ्हाइकाच्या मुलांच्या खोलीचं चित्र होतं. उघडलं, पण समोर येईना. खालच्या पट्टीवर दिसत होतं, म्हणजे उघडलं होतं. तिकडे उघडलं होतं. बटणं दाबून मी ते इकडे ओढून आणलं.

पिवळे पडदे, फळी, पलंग, सगळं जागच्या जागी. तरी काहीतरी चुकत होतं. काय, ते कळायला जरा वेळ लागला.

खोलीला दार नव्हतं. जिथे दार होतं तिथे सपाट भिंत होती.

मी काढलं नव्हतं. आता, मी काय काय विसरते हे आक्का तुम्हाला सविस्तर सांगतील. पण दार कोण विसरेल? ते परत बसवायला माउस धरला, तर बाण आपोआप उजवीकडे सरकू लागला. मी डावीकडे ओढत होते आणि तो उजवीकडे जात होता, शांतपणे, जोर माझ्यापेक्षा जास्त आहे हे ठाऊक असल्यासारखा. स्क्रीनच्या कडेवरून तो गेला.

"आई," सुकू अगदी हळू म्हणाली, "बंद नको करू."

"का गं?"

"तिला राग येतो."

"कुणाला?"

ती वाटी छातीशी धरून बसली.

मी कीबोर्डवरूनच सेटिंग गाठलं. फक्त एकवर दाखवा. त्याच्याखालीच, फक्त दोनवर दाखवा. घाईत बोट एकदा जास्त पडलं... आणि खालचं दाबलं गेलं.

स्क्रीन काळा झाला.

घाबरण्यासारखं काही नव्हतं, मी स्वतःला सांगितलं. अशा वेळी कम्प्युटर विचारतो, हा बदल ठेवू का? कुणी 'ठेव' म्हटलं नाही, तर थोड्या सेकंदांत सगळं आपोआप पूर्ववत होतं. तो प्रश्न आता तिकडे उमटला असणार. तिकडे कुणी नाही. मी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि थांबले.

भिंतीतून माउसचा आवाज आला. टिक्. एकदाच.

माझा माउस माझ्यासमोर पडला होता. स्क्रीन काळाच राहिला.

त्या काळ्या काचेत मला माझ्यामागची खोली दिसली. सुकू गादीवर नव्हती. ती भिंतीच्या पट्ट्यापुढे उभी होती, दोन्ही हात वर करून. कडेवर घे म्हणताना करते तसे. आणि तिच्या टाचा जमिनीवरून उचलल्या जात होत्या.

मी झेपावले, तिला कमरेला धरलं. ती येईना. पलीकडून ओढ नव्हती, नुसतं धरून ठेवलं होतं. पक्कं, आकसानं, जणू मीच कुणाचं तरी घ्यायला आले होते. मी पाय लांब करून कम्प्युटरची विजेची वायर त्यात अडकवली आणि खेचली. पंखे थांबले. त्यासरशी सुकू इतकी अचानक सुटली की आम्ही दोघी वाट्यांवर कोसळलो.

मी तिला ओढून आणलं. म्हणजे, मला तरी तसंच वाटतं.

आक्का दारात उभ्या होत्या. "पारलीस पोरीला खाली?"

"आक्का, इथे..."

"पोरीपेक्षा त्या डब्यात जीव हाय हिचा. मी काय आंधळी न्हाय."

सुकूचं कोपर खरचटलं होतं. ती रडली नाही. रडायला हवी होती.

कार्ड मी त्याच संध्याकाळी काढलं. भावजींनी ते स्वतःच्या मशीनला लावून पाहिलं. "मस्त चालतं, वहिनी. एकच स्क्रीन दाखवतं. घोळ तुमचाच." मी मान डोलावली. देवेशकडून कपाट सरकवून घेतलं, तो पट्टा झाकला. का, ते सांगितलं नाही. सुकू जेवते, खेळते, माझ्या कुशीत झोपते. फक्त मी स्वयंपाकघरातून बाहेर आले की जवळ येण्याआधी ती क्षणभर मला निरखते.

पुढच्या शुक्रवारी, लूम बंद असताना, मी कम्प्युटर लावला. काम तुंबलं होतं. वायर जुन्या सॉकेटात, कार्ड नाही, काही नाही. सेटिंग उघडलं. एकच चौकोन. बरं वाटलं. नुसती खात्री म्हणून मी आयडेंटिफाय दाबलं.

माझ्या स्क्रीनवर मोठा आकडा उमटला. दोन. तिकडचा आकडा, इकडे.

मागे वाट्यांची खुडबुड थांबली. मी वळले. सुकूनं मान वर केली होती, माझ्याकडे नाही, कपाटाकडे, त्यामागच्या पट्ट्याकडे.

"एक," ती म्हणाली, आणि वाट्या बाजूला सारून उभी राहिली.