सिंगोऱ्याचा कारकून

महिपतराव पिंगळ्यांना स्वतःच्या अक्षराचा भारी अभिमान. आणि का नसावा? घराणं तीन पिढ्यांपासून ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, नई सडकेच्या मागच्या गल्लीत राहिलेलं, आजोबा दरबारच्या दफ्तरात, वडील दरबारच्या दफ्तरात, आणि हे स्वतः चोवीस वर्षं तिथेच मोडीच्या कागदांच्या नकला करत बसलेले. कुणाचंही अक्षर एकदा नीट पाहिलं की हुबेहूब उतरवायचे. तरुणपणी त्यांनी एका मित्राला त्याच्या वारलेल्या मामाच्या अक्षरात पत्र धाडून त्याची भंबेरी उडवली होती. असल्या चेष्टा माणसानं करू नयेत, पण केली खरी.

बावन्न साली या कलेला विचारतो कोण? संस्थान विलीन झालेलं, ग्वाल्हेर-इंदूर मिळून एक राज्य झालेलं, कारभार सगळा हिंदीत, आणि मोडीवाल्यांची नावं जादा माणसांच्या यादीत. महिपतरावांचंही होतं. वय त्रेचाळीस, दुसरं काही येत नाही, आणि दिवाळीपर्यंत निकाल लागणार. घरी बायकोला, सुनंदाबाईंना, ते "बघू, होईल काही तरी" म्हणायचे खरे, पण रात्री उठून शिलकीचा हिशेब पुन्हा पुन्हा मांडायचे.

अशात सिंगोऱ्याचं काम आलं. जहागिरी बरखास्त व्हायच्या होत्या. जहागीरदारानं स्वतः कसलेली जमीन तेवढी त्याच्याकडे राहणार, बाकी सरकारात जमा. कुठली कुणाची, ते जुन्या कागदांवरून ठरायचं. ते कागद तपासायला महिपतरावांना आठ दिवस धाडलं. निघायच्या आदल्या दिवशी जहागीरदारांचे कारभारी तात्यासाहेब त्यांना पडाव भागातल्या एका हॉटेलात भेटले. बारा गावचं पाणी प्यालेला माणूस, त्यानं आडपडदा ठेवलाच नाही. सिंगोऱ्याचं गायरान, तिकडचे लोक ज्याला चरनोई म्हणतात, ते जहागीरदारांच्याच नांगराखाली होतं असा एखादा जुना उल्लेख निघायला हवा. निघाला, तर यादीतून महिपतरावांचं नाव काढून घेणं तात्यासाहेबांकडे लागलं.

"नसला तर?" महिपतरावांनी विचारलं.

"असेल हो. मोडी वाचणारं दुसरं उरलंय कोण आता?"

बसनं दोन तास, पुढे पायी अर्धा कोस. वैशाखातलं ऊन, वर लालसर मातीचा फुफाटा. कचेरी गावाबाहेर, लांबच लांब दगडी पाट्यांच्या छपराची एकच खोली. पुढे ओटा, ओट्यासमोर मोकळं गायरान थेट ओढ्यापर्यंत. कडुलिंबाखाली गुरं बसलेली. जागा काही वाईट नव्हती, पण माणसं? विहिरीवर पाणी मागितलं तर बाई म्हणाली, "पानी नहीं है," आणि तिच्या हातातल्या दोरावरून पाणी निथळत होतं. दुकानदारानं गूळ दिला नाही. कुणी शिवी दिली नाही, कुणी अंगावर आलं नाही, नुसते बघत राहिले. गाव आपल्याला पाण्यात पाहतंय हे कळायला महिपतरावांना अर्धा दिवसही लागला नाही.

बोलणारा एकच, कचेरीचा जुना शिपाई कान्होजी. पंचाहत्तरीचा, दख्खनेतून आलेल्या शिलेदाराच्या वंशातला, मराठी बोलणारा. तोच घागरभर पाणी आणून द्यायचा, पण चेहऱ्यावरची सुरकुतीही हलायची नाही. आणि रोज सकाळी घमेलंभर माती आणून दाराशी ठेवायचा. महिपतरावांनी विचारलं, हे कशाला? तेव्हा त्यानं सांगितलं ते असं. इथे वर्षातून एकदा कचेरी बसायची. कुणी परवानगीशिवाय बाभूळ तोडली, कुणाची गुरं दुसऱ्याच्या पिकात शिरली, कुणी बांध सरकवला, त्याचा निवाडा व्हायचा. निवाडा कारकून लिहायचा, आणि जमिनीची हद्द लिहिली की डोक्यावर मातीचं ढेकूळ घेऊन ती हद्द स्वतः चालून दाखवायचा, सगळ्या गावादेखत. खोटं लिहिलं असेल तर चालता येत नाही, असं म्हणत. जहागीरदारांच्या पूर्वजांनी ही रीत दख्खनेतूनच आणलेली.

"मी लिहायला नाही आलो. वाचायला आलोय," महिपतराव म्हणाले.

"मग राहू दे हुजूर. माती काय, पडून राहील," म्हणाला कान्होजी.

निवाड्यांची वही एकच, पण उशीएवढी जाड. पहिलं पान संवत अठराशे सत्त्याऐंशीचं, शेवटचं एकोणीसशे नव्वदचं, म्हणजे जेमतेम वीस वर्षांपूर्वीचं, त्यानंतर कचेरी बंद झालेली. महिपतरावांना ती वाचायला मजा आली, हे खोटं कशाला बोला. एकानं ओढ्याचं पाणी अडवलं म्हणून त्यानं चार दिवस बांध घालावा. एकीनं शेजारणीची शेळी कोंडली म्हणून तिनं भर कचेरीत तिची क्षमा मागावी. आणि दर पाच-सात पानांआड तेच वाक्य: ओढ्यापासून काळ्या दगडापर्यंत गायरान गावाचं, त्यात कुणी नांगर घालू नये, सरकारनंही नाही. सरकार म्हणजे जहागीरदार. जहागीरदाराच्याच कचेरीनं जहागीरदाराला घातलेली ताकीद होती ती.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं ते मात्र चमत्कारिक होतं. शंभरावर वर्षांची वही, आणि अक्षर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच हाताचं. लांब शेपट्यांचं, डावीकडे कललेलं, शब्दाच्या शेवटी बोरू जरा जास्त दाबलेला. अक्षरं ओळखणं हा महिपतरावांचा धंदा, त्यांची चूक व्हायची नाही. त्यांनी कान्होजीला विचारलं, कारकून किती झाले इथे? तो म्हणाला, लोक सात सांगतात. येताना प्रत्येकाचं अक्षर वेगळं असायचं. महिपतरावांनी मनाशी समजूत घातली, की नवा जुन्याचं गिरवत असेल. आपण नाही का गिरवत?

सहाव्या दिवशी दुपारी संवत एकोणीसशे अडुसष्टच्या पानाखाली चार ओळींची कोरी जागा सापडली. महिपतराव तासभर त्या जागेकडे बघत बसले. सुनंदा आठवली, दिवाळी आठवली, आपल्याहून लहान साहेबासमोर हात जोडून उभा राहिलेला शेजारचा रघुनाथराव आठवला. मग त्यांनी शाईत काजळ आणि चहाचं पाणी कालवलं, बोरू तासला आणि त्या अक्षरात लिहिलं: ओढ्यापासून काळ्या दगडापर्यंतची जमीन सरकारच्या खासगी नांगराची, गावाचा हक्क नाही. हात इतका सरळ चालला की त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं. बाकीच्या नकला करताना निदान दोनदा थांबावं लागे. इथे एकदाही लागलं नाही.

दार लावलेलं होतं. खिडकी एकच, ती मागच्या बाजूला. त्यांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं, आणि गावात मोडी येणारं चिटपाखरू नव्हतं.

ऊन कलल्यावर ते बाहेर आले, तर गायरानात माणसं उभी. ओढ्यापासून काळ्या दगडापर्यंत एका ओळीत, दहा-दहा पावलांवर एकेक. बाया, बाप्ये, विहिरीवरची ती बाई, दुकानदार. सगळ्यांची तोंडं कचेरीकडे. गुरंसुद्धा त्या ओळीच्या पलीकडे जाऊन उभी होती, अलीकडे एकही नाही. महिपतरावांनी लिहिलेली हद्द जशीच्या तशी जमिनीवर उभी होती.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय, हे त्यांना त्या घडीला कळलं. कान्होजी ओट्याच्या पायरीशी, दोन्ही हातांत ढेकूळ घेऊन.

"चला हुजूर."

"कुठे?"

"लिहिलंत ना. मग चालावं लागतं."

महिपतराव म्हणाले की आपलं काम संपलं, शेवटची बस चुकेल. वही आणि कागद गाठोड्यात बांधून ते कचेरीच्या मागच्या अंगानं निघाले. कुणी अडवलं नाही. पाठीमागे मात्र, ते रस्त्याला लागेपर्यंत, एकही पाऊल हललं नाही, एकही गाय हंबरली नाही.

लष्कर भागात परतल्यावर त्यांनी वही सादर केली, आणि तात्यासाहेबांनी शब्द पाळला. आठवड्यात निरोप आला: यादीतून नाव निघेल, फक्त एका कागदावर सही करून द्या. त्या संध्याकाळी महिपतरावांनी घरी बासुंदी करायला लावली. वाण्याकडून आणायच्या सामानाची यादी त्यांनीच लिहिली. थोड्या वेळानं सुनंदाबाई यादी हातात घेऊन परत आल्या. म्हणाल्या, अहो, हे मोडीत काय लिहून ठेवलंय, वाण्याला काय कप्पाळ समजणार आहे? महिपतरावांनी कागद पाहिला. लांब शेपट्या, डावीकडे कल.

ते हसले. सवय लागली सहा दिवसांची, म्हणाले. दुसरा कागद घेतला, जपून बाळबोध अक्षरात साखर लिहायला गेले. बोरू नाही, साधा टाक होता. तरी तेच वळण आलं.

दुसऱ्या दिवशी दफ्तरात बड्या कारकुनानं सहीचा कागद परत केला. नोकरीच्या पुस्तकातली सही आणि ही सही एक नाहीत, म्हणाला. महिपतरावांनी पुन्हा केली. पुन्हा. दहा वेळा केली. जगातल्या कुणाचंही अक्षर काढणाऱ्या माणसाला स्वतःचं काढता येईना. बडा कारकून आधी हसत होता, मग हसायचा थांबला. म्हणाला, "पिंगळे, मजाक पुरे झाली. सही जुळल्याबिगर मी नाव नाही काढू शकत."

पंधरा दिवस ते घरात कोंडून घेऊन स्वतःची जुनी पत्रं गिरवत बसले. सुनंदाबाई रडल्या, वैद्य झाला, नवस झाला. सगळे उपाय थकले तेव्हा एकच वाट उरली, आणि ती त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. खोटं लिहिलं ते कबूल करायचं. शिक्षा झाली तर झाली, हात तरी आपला परत मिळेल, आणि हात मिळाला तर कदाचित दया येऊन चाकरीही राहील.

त्या नोंदीवर गावानं हरकत घेतली होतीच. सुनावणीला साहेब इंदूरकडचे होते, मराठी, मोडी अडखळत का होईना वाचणारे. मागच्या बाकावर सिंगोऱ्याची आठ-दहा माणसं आणि कान्होजी. महिपतराव उठले आणि सगळ्यांदेखत बोलले: संवत एकोणीसशे अडुसष्टच्या पानावरच्या खालच्या चार ओळी माझ्या आहेत.

साहेबांनी कागद पुढे सरकवला. त्याच ओळी लिहून दाखवा म्हणाले. महिपतरावांनी लिहिल्या. साहेबांनी त्या पानाशी ताडून पाहिल्या. मग वरच्या मजकुराशी. मग मागच्या पानाशी, त्याच्या मागच्या पानाशी. चाळता चाळता त्यांच्या कपाळाला आठ्या चढत गेल्या.

"चारच ओळी? ही सगळी वही तुमच्या हातची आहे."

महिपतराव म्हणाले, मी त्रेचाळीस वर्षांचा आहे, साहेब.

साहेबांनी कान्होजीला पुढे बोलावलं. सिंगोऱ्याच्या कचेरीचा कारकून कोण होता, विचारलं. म्हाताऱ्यानं महिपतरावांकडे नीट पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं.

"हेच, हुजूर. मी पोरगा होतो तेव्हापासून हेच. दर खेपेला लिहिलं की हद्द चालायचे. या खेपेलाच नाही चालले."

मागच्या बाकावर सगळ्यांनी माना हलवल्या. वयाचं ऐकून साहेबांना हसू येत होतं ते विरलं. त्यांनी वही पहिल्या पानापर्यंत उलटली, पहिल्या ओळीवर अंगठा ठेवला आणि उचलला.

अंगठा काळा झाला होता. ओळ फिसकटली होती.

साहेब बराच वेळ टिपकागदानं अंगठा पुसत राहिले. महिपतरावांकडे त्यांनी पुन्हा पाहिलं नाही. जादा माणसांची यादी मागवली आणि पिंगळ्यांच्या नावावर रेघ ओढली. खालच्या आवाजात बड्या कारकुनाला म्हणाले, हे आपले नाहीतच, जहागिरीच्या नोकरीतले आहेत. यांना परत पाठवा.

परतीच्या हुकमाचा छापील कागद साहेबांनी स्वतःच भरला. नाव. हुद्दा, कारकून. ठिकाण, कचेरी सिंगोरा.

रुजू झाल्याच्या तारखेपाशी ते क्षणभर थांबले, वहीच्या पहिल्या पानाकडे पाहिलं, आणि टाक दौतीत बुडवून लिहिलं: संवत १८८७, माघ वद्य तृतीया.